कुंताबाईकडं चहा मिळत नाही

करडी गावात आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे चहा प्यायचा, चार उसासे टाकायचे आणि उठताना "काही लागलं तर सांगजो" म्हणायचं, एवढंच काम असे. याहून जास्त कोणी कोणाकडून मागतही नसे. कुंताबाईच्या घरी मात्र एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात हा कारभार बंद पडला. तिच्याकडं चहा मिळेनासा झाला. ओसरीत पाय ठेवला की ती तुम्हाला पाट देई, समोर आपल्या नवऱ्याला आणून बसवी, पायात चपला सरकवी आणि निघून जाई. दोन तासांनी परत येई, कधी तीन. पाहुणा नवखा असला तर तोवर रडकुंडीला आलेला असे. मुरलेला असला तर तिच्या नवऱ्यासोबत शेंगा फोडत मजेत बसलेला असे.

ही बाई जन्माची अशी नव्हती. जन्माची ती हसरी होती. आणि सगळा घोटाळा त्या हसण्यापासूनच झाला, असं तिचं स्वतःचं मत होतं.

तिचा नवरा श्रावण एकेकाळी गावचा पाणकर होता. मोठ्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडायची आणि पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या धानाच्या बांधीत पाणी पोचवायचं, हे त्याचं काम. बहात्तरच्या दुष्काळात कोणीतरी पाळी नसताना तुडूम उघडलं आणि तलावातलं उरलंसुरलं पाणी पळवलं. गावाची बैठक बसली. तुडूम तुझ्या ताब्यात होतं, तर कोणी उघडलं ते तूच सांग, असं श्रावणाला विचारलं. श्रावण काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. गावानं त्यालाच चोर ठरवून कामावरून काढलं, तरी त्यानं तोंड उघडलं नाही. घरी येऊन जेवला आणि झोपला. तेव्हापासून आपली तीन एकर धानशेती बरी आणि आपण बरे, असा तो राहू लागला. बोलायचं आणि हसायचं काम घरात कुंताबाई एकटी दोघांचं मिळून करी.

अठ्ठ्याहत्तरच्या फाल्गुनात त्यांची एकुलती एक पोरगी उषा, तिचा सासरा भेटीला आला होता. त्याला वरठीच्या स्टेशनवर गाडीत बसवून श्रावण सायकलवर परत येत होता. वाट तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून. खाली धुण्याच्या दगडावर कुंताबाई आणि आणखी चौघीजणी लुगडी आपटत होत्या. नवरा येताना दिसला, तशी कुंताबाई बायांना काहीतरी म्हणाली आणि हसली. वय वर्षं अडतीस, घरात जावई आलेला, पण चार बायांत आपली बायको आपल्याकडं पाहून हसली म्हटल्यावर गड्याला काय चेव आला कोण जाणे. त्यानं हँडलवरचे दोन्ही हात सोडले. सायकल थोडा वेळ नीट चालली. कुंताबाई आणखी हसली. मग चाक एका गोट्यावर चढलं, सायकल पाळीवरच आडवी झाली आणि श्रावण उतारावरून खाली आला, तो डोक्यानं, थेट बायकोच्या धुण्याच्या दगडावर.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एकवीस दिवस काढले. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाचला, नशीबवान आहे. मेंदूला मार आहे. घरी न्या, जपा." कसं जपायचं ते त्यांनी सांगितलं नाही. खताच्या पोत्यावरसुद्धा कसं वापरायचं ते छापलेलं असतं, पण फुटलेल्या डोक्याचा माणूस नुसता हातात देतात.

घरी आला तो दिसायला श्रावणच. डावा हात थोडा ढिला पडला होता, तेवढंच. पण सकाळी घडलेलं दुपारी त्याच्या ध्यानात नसे. जेवून हात धुतले की "जेवन कधी?" विचारी. कोणी सांगितल्याशिवाय अंघोळ नाही, आणि सांगितलं तर राग. दोन्ही बैल गोठ्यात रवंथ करत उभे असत आणि हा विचारी, "बैल आले का?" कुंताबाई सांगे, आले. थोड्या वेळानं पुन्हा, "बैल आले का?" एकदा तिनं मोजलं. दुपारपर्यंत एकोणचाळीस झाले, पुढं तिनं नाद सोडला.

आणि तोंड! जन्मभर बंद असलेलं ते तोंड दगडावर आपटून जे उघडलं ते मिटेना. डोक्यातलंच तुडूम फुटलं म्हणा ना. मनात येईल ते बाहेर. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला त्याला नेलं, तर तिरडीकडं निरखून पाहत तो मोठ्यानं म्हणाला, "हा मानूस इतका चुप कधीच नोयता." तलाठ्याला म्हणाला, "तुयापेक्षा तुयी बायको हुशार आहे, कागद तिलेच लिहू देत जा." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हीच पंचाईत होती.

मग भेटीला येणाऱ्यांची रांग लागली. कोणी म्हणे टाळूवर काळ्या कोंबडीचं रक्त चोळ, कोणी म्हणे नाकात तूप सोड, कोणी बकरा बोल, कोणी रामटेकचा नवस सांग. कुंताबाईनं कोंबडी सोडून सगळं करून पाहिलं. कोंबडी ऐन वेळी पळाली. या सगळ्यांत वरचा नंबर गोदावरीबाईचा. पलीकडच्या आळीतली ही विधवा बाई, साठीची, अंगानं भरलेली. गावातला तीस वर्षांतला एकही आजार तिनं वाया जाऊ दिला नव्हता. आजाऱ्यापाशी बसायचं, चहा बशीत ओतायचा आणि अगदी असाच आजार झालेल्या माणसाची गोष्ट सांगायची. गोष्टीतला माणूस शेवटी मरायचा. मग ती उठायची आणि म्हणायची, "घाबरू नोको व कुंता. काही लागलं तर सांगजो."

दीड वर्ष असं गेलं. गूळ संपे, दूध संपे, उसासे संपत नसत. कुंताबाईला घराबाहेर पडता येत नव्हतं. एकदा ती शेजारी विस्तव आणायला गेली, तेवढ्यात श्रावण निघाला आणि तुडमाजवळ गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. पाणी सोडायची पाळी आहे म्हणे. त्यानंतर ती दाराला कडी लावूनच राहू लागली. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, दुसऱ्यांच्या हातानं झाला, कसातरी. उषाचं पहिलं बाळंतपण झालं, तिकडं आई गेली नाही. नातू चार महिन्यांचा झाला तरी तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि हसणं? ते धुण्याच्या दगडावरच राहिलं होतं. आपण हसलो नसतो तर यानं हात सोडले नसते, हे ती रोज भात शिजवताना स्वतःला सांगत असे. भात शिजायला वेळ लागतो, तेवढ्यात पुष्कळ सांगून होतं.

एकोणऐंशीच्या श्रावण महिन्यातली एक सकाळ. ती भाजी परतत होती. तो मागं उभा. "बैल आले का?" आले. "बैल आले का?" आले, म्हटलं ना. "बैल आले का?" कुंताबाईच्या हातात लोखंडी सराटा होता. ती वळली आणि तो तिनं त्याच्या दंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा.

श्रावणानं मारायला हात उचलला नाही. दंड चोळत तो दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "काहून मारतं व बाई? माही कुंता येऊ दे घरी. सांगतो तिले तुयं नाव."

"मीच आहो ना कुंता!" ती ओरडली.

त्यानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हट," तो म्हणाला. "माही कुंता हासते."

सराटा खाली पडला. कुंताबाई चुलीसमोर बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. भाजी जळाली. श्रावणानं ती तशीच खाल्ली आणि जळाली आहे म्हणून सांगितलंही.

त्याच दिवशी दुपारी मधुकरराव आले. हे श्रावणाचे थोरले भाऊ. धानाचा व्यापार, पांढरं धोतर, पंचायतीत ऊठबस, आणि पुढल्या खेपेला सरपंच व्हायची इच्छा. आता तिकडची रीत अशी, की बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड भिंतीकडं करायचं आणि जे सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. वीस वर्षं या घरात मधला माणूस श्रावण होता. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा, त्यातले खडे वेचून टाकायचा आणि उरलेले चार शब्द इकडून तिकडं पोचवायचा. मधला माणूस अजूनही तोच होता. खडे वेचणं तेवढं बंद झालं होतं.

मधुकरराव म्हणाले, "श्रावण, तिले सांग, नागपूरच्या इस्पितळाचा कागद आनला मी. पोळ्याच्या आत अंगठा पायजे म्हना."

श्रावण वळला. "दादा म्हनते, मले पागलखान्यात टाकते. तू अंगठा दे."

कुंताबाई भिंतीला म्हणाली, "इचार करतो म्हना." मग पदराआड, आपल्याशीच, "मोठे आले दया करनारे. दीड वरसात घडीभर भावापाशी बसले नाई."

"ते म्हनते इचार करतो," श्रावणानं सांगितलं. "अन् तुमी मोठे आले दया करनारे. दीड वरसात घडीभर भावापाशी बसले नाई."

मधुकररावांना चहाचा ठसका लागला.

"असं मी म्हटलं नाई," कुंताबाई घाईघाईनं भिंतीला म्हणाली.

"ते म्हनते, असं मी म्हटलं नाई," श्रावण म्हणाला. "पन म्हटलं तिनं."

कागद घडी घालून खिशात गेला. पोळ्याला बारा दिवस होते. कुंताबाईनं मनात अंगठा देऊन टाकला होता, हे इथं सांगितलं पाहिजे. तिथं निदान याला सराट्याचा मार बसणार नाही, असं तिला वाटलं. नवऱ्याला मारणारी बाई त्याला घरी ठेवायचा हट्ट कोणत्या तोंडानं करणार?

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई आली. बसली, चहाची वाट पाहिली, उमरीकडच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. माणूस मेला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाली, "काही लागलं तर सांगजो हो."

हे वाक्य कुंताबाईनं दीड वर्षात दोनशे वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी काय झालं ते तिलाही नंतर कधी सांगता आलं नाही. ती म्हणाली, "लागते, काकी."

"आं?"

"दोन घंटे लागते. तुमी बसा ह्यांच्यापाशी. बाहेर जाऊ देजो नोका. बैल इचारले तर आले म्हना." आणि गोदावरीबाईचं तोंड मिटायच्या आत ती चपला घालून दाराबाहेर होती.

बाहेर पडल्यावर कुठं जावं ते तिला कळेना. दीड वर्षात पायांची सवयच मोडली होती. शेवटी ती तलावावर गेली. धुण्याच्या दगडापाशी जायला भ्यायली, म्हणून थोडी दूर पाळीवर बसली. काही केलं नाही. समोर बगळे होते, म्हशी होत्या. बसल्या बसल्या तिला झोप लागली आणि जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती धावत सुटली.

गोदावरीबाई पाटाच्या अगदी टोकावर बसली होती, चेहरा लाल. "का व कुंता, हा काय मले म्हनते? म्हनते तू मयतीले येतं तं पयले जेवाले काय आहे ते पाहतं!"

"पाहतेच तं," श्रावण शांतपणे म्हणाला.

कुंताबाई हात जोडू लागली. पण गोदावरीबाई उठेना. दाराकडं एक नजर टाकून तिनं आवाज खाली आणला. "पन कुंता, बहात्तर साली तुडूम कोनं उघडलं होतं, ठाव आहे का तुले? मधुकररावनं! यानं आपल्या डोयानं पाहिलं. भाऊ म्हनून बोलला नाई."

कुंताबाईनं जोडलेले हात सोडले. सात वर्षं चोराची बायको म्हणून तिनं गावातून मान खाली घालून पाणी भरलं होतं.

"आनखी काय काय ठाव आहे याले?" गोदावरीबाई म्हणाली. "उद्या मी जेवूनच येतो."

तर असं झालं. श्रावणाच्या डोक्यात, त्या मारणाऱ्या बाईखेरीज, कालचं काही राहत नव्हतं, पण अपघाताआधीच्या वीस वर्षांतलं सगळं शाबूत होतं. पाणकर म्हणून तो रात्रंदिवस शेतांतून हिंडलेला. कोणी कोणाचा बांध सरकवला, कोण कोणाच्या बांधीच्या कडेनं कशाला जात होतं, कोणाचा बैल कोणाच्या परसात बांधला होता, सगळं त्यानं पाहिलेलं आणि गिळलेलं. आता कोणीही समोर बसून विचारावं. आठवड्याभरात बसणाऱ्यांची कमी राहिली नाही. यांतलं कोणी दया आली म्हणून बसत नव्हतं, हे स्वच्छ सांगतो. दयेनं आलेले दीड वर्षात चहा पिऊन गेले होते. हे शेजाऱ्याची लफडी ऐकायला येत, त्या पायी श्रावणाला भात भरवत, अंघोळ घालत, शंभर वेळा बैल आले म्हणून सांगत. चांगल्या हेतूनं गावानं त्याच्यासाठी केलं नसतं ते वाईट खोडीनं केलं. मधल्या मधे स्वतःचंही लफडं बाहेर पडे आणि मग हसण्याची पाळी दुसऱ्याची असे.

कुंताबाई रोज पाळीवर जाऊ लागली. चौथ्या दिवशी तिनं वाटेत मूठभर शेंगा घेतल्या. आणि तिथं तिचं चुकलं. नवऱ्याला दुसऱ्याच्या ताब्यात देऊन बाहेर पडते, हे गावाला चाललं असतं. रडत बसली असती तर गावानं वाखाणलं असतं. पण पाळीवर बसून शेंगा खाते? घरी तो तसा, अन् हिच्या जिवाला शेंगा गोड लागतात? दोन्ही बातम्या, तुडमाची आणि शेंगांची, एकाच संध्याकाळी मधुकररावांकडं पोचल्या.

पोळ्याच्या दिवशी दुपारीच ते आले. सोबत कागद आणि शाईचा पॅड. ओसरीत गोदावरीबाई तिच्या ठरलेल्या पाटावर होती. कुंताबाईनं पदर ओढला, भिंतीकडं तोंड केलं.

"श्रावण," मधुकरराव म्हणाले, "तिले सांग, बस झाला तमाशा. अख्खं गाव हासून राहिलं. अन् हेही सांग, तू आल्यागेल्याले सांगतं का घरी एक बाई मारते म्हनून. ते बाई कोन, हे सगळ्याइले समजते म्हना."

श्रावणानं तोंड उघडलं, पण या वेळी त्याला पोचवायला काही उरलं नाही. कुंताबाई वळली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं भासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. गोदावरीबाईनं "अगो माय" म्हणून पदर तोंडाला लावला, पण डोळे झाकले नाहीत.

"मारलं मी," कुंताबाई म्हणाली. "सराट्यानं मारलं. तीनदा मारलं. दीड वरस मी एकटी होतो म्हनून मारलं. अकरा दिवस झाले, दोन घंटे बाहेर जातो, तं हात उठला नाई. शेंगा खाल्ल्या, तेही खरं. अंगठा देत नाई मी."

"बाई..." मधुकरराव एवढंच म्हणून श्रावणाकडं पाहू लागले. तिच्याशी थेट बोलायची सवय नव्हती ना.

"तुमच्यापायी त्याहिचं पानकराचं काम गेलं. चोर झाले तुमच्यापायी. ते मी मांगत नाई. फक्त शनवारी शनवारी तीन घंटे येऊन बसा. आजपासूनच बसा. मी पोळा पाहाले चालली." आणि पदर सावरत, चपला घालत ती गेली.

मधुकररावांना उठून जाता आलं असतं. पण दाराशी गोदावरीबाईचा पाट होता, आणि दारातून बाहेर पडलं की पुढं अर्ध्या तासात काय बातमी फिरेल हे त्या माणसाला चांगलं कळत होतं. ते बसले.

पोळा तलावाकाठच्या मैदानात भरला होता. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, वर आंब्याच्या पानांचं तोरण. पूजा व्हायची होती. रांगेत पहिला मान मधुकररावांच्या जोडीचा. सगळे हात जोडून उभे आणि त्या जोडीतल्या पांढऱ्या बैलानं मान वर करून, कोणाला न विचारता, तोरण खायला सुरुवात केली. गडी ओढतोय, गुरुजी ओरडतोय, आणि बैल आरामात एकेक पान खातोय. कुंताबाईला आधी नाकातून हसू फुटलं, मग ते आवरेना. पोट धरून ती हसली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसली. हसतच घरी आली.

ओसरीत मधुकरराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. घामाघूम. "आले रे बापा, आले," ते म्हणत होते. "बैल आले, आले, आले."

दारात कुंताबाई उभी. अजून हसू पुरतं मावळलं नव्हतं. श्रावणानं मान वर केली आणि त्याचा चेहरा असा उजळला, की तो तिनं दीड वर्षात पाहिला नव्हता.

"कुंता!" तो म्हणाला. "कुठी गेली होती व इतके दिवस? इथी एक बाई येऊन रायते. लय मारते मले. तू असली म्हनजे येत नाई ते." मग तिच्याकडं वाकून, हळूच, "उद्या मारबत काढतीन ना, तिच्यासंगं त्या बाईलेही गावाबाहेर हाकलजो."

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती बाईची बाहुली. गावाची सगळी पीडा तिच्या माथी मारून तिला वेशीबाहेर नेऊन जाळतात.

"हाकलतो," कुंताबाई म्हणाली.

मधुकरराव उठले. टोपी घातली, कागद खिशात सारला. दारात थांबून, तिच्याकडं न पाहता ते म्हणाले, "श्रावण, तिले सांग, शनवारी येतो."

"दादा म्हनते, शनवारी येते," श्रावण म्हणाला.

आले. दर शनिवारी नाही, पण बहुतेक शनिवारी आले. सरपंच काही झाले नाहीत. उषाच्या घरी जाऊन कुंताबाई नातवाला पाहून आली, चार दिवस राहिली. श्रावण काही बरा झाला नाही, बैल विचारायचा थांबला नाही. आणि ती बाई मारबतीबरोबर गेली ती कायमची गेली, असंही नाही. महिन्यातून एखाद्या वेळी यायचीच, पण सराटा उचलायच्या आत कुंताबाईला ती ओळखू येऊ लागली. मग ती दारातून हाक मारी आणि पलीकडच्या आळीतून गोदावरीबाई येई.

पंच्याऐंशी साली साकोलीकडच्या एकोडीहून निरोप आला. तिथला भोजराज नावाचा धानाचा दलाल मोटरसायकलवरून पडला होता, डोक्यावर. वाचला होता, नशीबवान. बायकोचं नाव चंद्रकला, वय तीस. करडीत कोणी एक बाई आहे, तिला यातलं औषध ठाऊक आहे, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. कुंताबाईनं श्रावणाला गोदावरीबाईच्या ताब्यात दिलं आणि एसटी बदलत बदलत ती एकोडीला पोचली.

चंद्रकलेनं आधी चहा टाकला. "चहा नोको," कुंताबाई म्हणाली. आतल्या खोलीत भोजराज भिंतीला टेकून बसला होता आणि कोणाला तरी शिव्या देत होता. चंद्रकला बराच वेळ दवाखान्याचं बोलली, गोळ्यांचं बोलली. तिनं आतल्या दाराकडं पाहिलं, खाली पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "काल मी त्याहिले मारलं. लाटन्यानं." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कुंताबाई पुढं सरकली. तिनं चंद्रकलेचे हात तोंडावरून खाली घेतले.

"म्हनजे ते बाई तुयाकडंही येते तं," ती म्हणाली. "येते व. माह्याकडंही येते." मग पाट ओढून ती भोजराजासमोर बसली. "चाल, चपला घाल. तुमच्या गावात तलाव असनच. जाऊन बस दोन घंटे. मी आहो इथी."

चंद्रकला उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "जाऊन करू काय?"

"शेंगा खाय," कुंताबाई म्हणाली.